मोटारीचा पहारेकरी

आम्ही कला शाखेचे पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवावा, सवड मिळेल तेव्हा जुनी पुस्तके चाळावीत, एवढेच आमचे क्षेत्र. तेव्हा विजेच्या मोटारीविषयी शाळेच्या वार्षिकात लिहिण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे आमचे विज्ञानशिक्षक बंधू विचारतील. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, हा अधिकार आम्ही एकच मोटार दोनदा जाळून विकत घेतला आहे. पहिल्यांदा ती जळाली ती आमच्या अज्ञानामुळे. दुसऱ्यांदा जळाली ती मात्र, सावध करणारा पहारेकरी दाराशी उभा असताना आम्ही त्याचे तोंड बंद केले म्हणून. ही दुसरी चूक विद्यार्थ्यांच्या घरी होऊ नये, याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुळागर आहे. पूर्वी डोंगरातील झऱ्याचे पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी येई. आता बहुतेक ठिकाणी विहिरीवर किंवा ओहोळाच्या काठी मोटार बसलेली असते. ती चालते तोवर तिचा विचार कोणी करीत नाही. ऐन वैशाखात ती बंद पडली म्हणजे मग तिची थोरवी कळते.

तीन फेज म्हणजे काय?

घरातील दिव्यास विजेच्या दोन तारा पुरतात. विहिरीवरच्या मोठ्या मोटारीकडे मात्र तीन तारा जातात. तिन्ही तारांत वीज असते, आणि ओळखीसाठी त्यांना लाल, पिवळा आणि निळा असे रंग दिलेले असतात. या तिहींतील प्रत्येकीला 'फेज' म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत या विजेस 'त्रिकला' असे नाव आहे. परंतु वायरमन आणि बागायतदार 'थ्री फेज' असेच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरू.

आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आंदोलने करते. प्रत्येक तारेतील विजेचा दाब चढतो, उतरतो, उलटतो आणि पुन्हा चढतो. परंतु तिन्ही तारा एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाहीत. पहिलीच्या मागून दुसरी आणि दुसरीच्या मागून तिसरी, अशा त्या ठरावीक अंतराने येतात. एक पूर्ण आंदोलन म्हणजे ३६० अंशांचे वर्तुळ मानले, तर हे अंतर १२० अंशांचे असते.

याचा उपयोग काय, हे एका घरगुती दृष्टांताने समजेल. जात्याभोवती तिघीजणी समान अंतरावर बसल्या आहेत आणि खुंटा आपल्यासमोर आला की प्रत्येकजण तो पुढे ओढते, अशी कल्पना करा. जाते अखंड आणि एकाच दिशेने फिरत राहील. मोटारीच्या स्थिर भागातील तीन वेटोळी हेच काम करतात. त्यांच्यामुळे आत एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि मधला लोखंडी गाभा त्याच्या मागोमाग फिरू लागतो. चार ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. गाभा किंचित मागे राहून सुमारे १४४० फेरे घेतो. या तत्त्वाची अमेरिकी पेटंटे निकोला टेस्ला यांस १८८८ साली मिळाली. त्याच वर्षी इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनीही आपले स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. जर्मनीत काम करणारे रशियन अभियंते दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी पुढच्याच वर्षी तीन फेजांची साधी व टिकाऊ मोटार घडविली. आपल्या विहिरीवर आहे ती तिचीच वंशज होय.

एक फेज गेल्यास

आता त्या तिघींपैकी एक उठून गेली असे समजा. जाते आधीच फिरत असेल, तर उरलेल्या दोघी ते कसेबसे फिरवीत राहतील. परंतु त्यांचे हात भरून येतील. जाते थांबलेले असेल, तर ते नुसते मागेपुढे डुलेल आणि फिरणार नाही.

मोटारीचेही असेच होते. चालत्या मोटारीची एक फेज तुटली तरी ती पुष्कळदा चालतच राहते. मात्र तेवढेच काम करण्यासाठी उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. थांबलेल्या मोटारीला दोनच फेज मिळाल्या तर ती फिरत नाही, नुसती घुमत राहते आणि भरमसाट प्रवाह ओढते. थोड्याच वेळात तारांवरचे वार्निश करपते, वेटोळी एकमेकांस चिकटतात आणि जळका वास सुटतो. आमच्या घरी पहिल्या वेळी असेच झाले. पंपघराजवळून जाताना आमच्या काकीने ओरडून सांगितले होते, "मोटर रडटा, पळय रे!" मोटार रडत आहे, जाऊन पाहा, असे ती कोकणीत सांगत होती. आम्ही पोहोचेपर्यंत मोटारीचे रडणे कायमचे थांबले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वी मोटार सुरू करणारा माणूस पंपापाशी उभा असे. तिचा आवाज बदलला की त्याला कळे. आता आपोआप सुरू करणारी साधने आली आहेत. मोबाइलवरूनही मोटार सुरू करता येते. सोय झाली हे खरे, परंतु मोटारीचे रडणे ऐकणारा कान तेथे राहिला नाही. म्हणूनच यांत्रिक पहारेकऱ्याची गरज वाढली आहे.

फ्यूज असताना रिले कशाला?

पाच अश्वशक्तीच्या मोटारीस पूर्ण भारावर साधारणतः साडेसात अँपिअर प्रवाह लागतो. परंतु सुरू होताना ती क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. फ्यूज एवढा धक्का सोसेल असाच बसवावा लागतो. नाही तर तो रोज सकाळी उडेल. आता एक फेज गेल्यावर प्रवाह होतो सुमारे १३ अँपिअर. जो फ्यूज ४५ अँपिअरचा धक्का सोसतो, तो १३ अँपिअरला कशास जुमानील? फ्यूज हा तारा एकमेकींस भिडल्या असता धावून येणारा रक्षक आहे. हे दुखणे त्याच्या आवाक्यातले नव्हे.

स्टार्टरमध्ये तापमानावर चालणारा ओव्हरलोड रिले असतो. तो मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर नीट लावलेला असल्यास पुष्कळदा उपयोगी पडतो. परंतु मोटार वारंवार बंद पडते म्हणून त्याचा काटा पुढे सरकवून ठेवण्याची खोड अनेकांस असते. शिवाय वेटोळी तापल्यावरच तो जागा होतो.

स्टार्टरच्या कॉइलचीही एक उणीव आहे. ही कॉइल बहुधा दोन फेजांवर जोडलेली असते. त्या दोहोंपैकी एक गेली तर स्टार्टर सुटतो. पण तिसरी गेली तर कॉइलला त्याचा पत्ताच लागत नाही. तीन भावांच्या घरात दोघांचीच हजेरी घ्यावी, तसाच हा प्रकार.

रिलेचे कार्य

'रिले' हा शब्द मूळचा घोड्यांच्या टप्प्याचा. दूरच्या प्रवासात जागोजागी ताजे घोडे ठेवीत. दमलेला घोडा सोडून ताजा जोडीत. तारायंत्राच्या काळात दुबळ्या झालेल्या संदेशास नवे बळ देणाऱ्या उपकरणास हेच नाव मिळाले. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी असे उपकरण १८३५ च्या सुमारास तयार केले होते. सूक्ष्म प्रवाहाने दुसरा मोठा प्रवाह चालू किंवा बंद करावा, हे त्याचे तत्त्व होय.

आपला रक्षक रिले तळहाताएवढ्या पेटीत मावतो. तिन्ही फेजांच्या बारीक तारा त्यात येतात आणि तो पुढील गोष्टींवर नजर ठेवतो : तिन्ही फेज आहेत काय, त्यांचा दाब फार कमी किंवा फार जास्त तर नाही, तिघींत समतोल आहे काय, आणि त्यांचा क्रम बरोबर आहे काय.

क्रमाचे महत्त्व असे की, कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. खांबावर दुरुस्ती झाल्यानंतर असे घडू शकते. उलटा फिरणारा पंप पाणी नीट चढवीत नाही, आणि काही पंपांचे आट्यांनी बसविलेले भाग त्यामुळे सैल होतात. दाब कमी झाल्यास काय होते, तेही पाहा. मोटारीची फिरविण्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्के झाला तर शक्ती ८० नव्हे, ६४ टक्केच उरते.

जोडणी

जोडणीचे काम परवानाधारक वायरमननेच करावयाचे आहे. विद्यार्थ्यांनी पेटीस हात लावू नये. परंतु काम कसे व्हावयास हवे हे घरच्या मंडळींस ठाऊक असले, म्हणजे ते नीट करून घेता येते.

प्रथम मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत व ते काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. तिन्ही तारांत वीज नाही याची मापकाने खात्री करावी. रिलेची जागा कोरडी असावी आणि पंपाचा कंप तेथे पोहोचू नये. आपल्याकडील पावसाळा, मुंग्या आणि पाली यांचा विचार करून पेटी घट्ट बंद होणारी निवडावी.

मुख्य स्विचच्या फ्यूजनंतर आणि स्टार्टरच्या आधी, या मधल्या ठिकाणाहून तीन तारा रिलेकडे न्याव्यात. फ्यूजनंतर अशासाठी की, एखादा फ्यूज उडाला तरी रिलेस कळावे. स्टार्टरच्या आधी अशासाठी की, मोटार सुरू होण्यापूर्वीच त्याने विजेची परीक्षा करावी.

मोटारीचा मुख्य प्रवाह रिलेतून मुळीच जात नाही. रिलेतील संपर्क काही अँपिअरच सोसू शकतो. तो स्टार्टरच्या कॉइलकडे जाणाऱ्या तारेत, लाल बटनाच्या पाठोपाठ, साखळीतील एका कडीप्रमाणे जोडतात. रिले निर्जीव असताना उघडा राहणारा संपर्क या कामी घेतात. वीज निर्दोष असेल तेव्हाच रिले तो मिटवून धरतो. दोष आढळला की संपर्क सुटतो, कॉइल निर्जीव होते आणि मोटार थांबते. रिले स्वतः बिघडून निर्जीव झाला तरीही बहुधा मोटार थांबतेच. पहारेकरी मूर्च्छित पडला तर दार उघडे न राहता बंद व्हावे, अशी ही योजना आहे.

मर्यादा ठरविताना रिले व मोटार यांच्यासोबत आलेली पुस्तिका प्रमाण मानावी. उदाहरणार्थ, ४१५ व्होल्टच्या विजेवर खालची मर्यादा १५ टक्के ठेवली, तर दाब सुमारे ३५३ व्होल्टच्या खाली जाताच रिले जागा होईल. वरची मर्यादा १० टक्के ठेवली, तर सुमारे ४५६ व्होल्टच्या वर. शेजारची मोटार सुरू होताना दाब क्षणभर खाली जातो. तेवढ्यासाठी आपली मोटार थांबू नये म्हणून काही सेकंदांचा अवधी ठेवतात. पुन्हा सुरू होण्यापूर्वीही काही मिनिटे जावीत. नळातील पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरत असतो. त्याच क्षणी मोटार सुरू झाली तर दांड्यावर मोठा ताण येतो.

जोडणी झाली की परीक्षा अवश्य घ्यावी. मोटार थांबलेली असताना, मुख्य स्विच बंद करून वायरमनने एक फ्यूज काढावा, स्विच पुन्हा द्यावा आणि हिरवे बटन दाबून पाहावे. स्टार्टर ओढता कामा नये. तिन्ही फ्यूजांची अशी पाळीपाळीने परीक्षा घ्यावी.

या पहारेकऱ्याच्याही मर्यादा आहेत. चालती मोटार तुटलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच काही दाब उत्पन्न करते. त्यामुळे तीन फेजांवर तीन दिवे लावून ठेवण्याची जुनी युक्ती फसते. मोटार चालू असता गेलेल्या फेजचा दिवाही पेटलेला दिसू शकतो. नुसता दाब पाहणारा साधा रिलेही याने फसतो. फेजांतील समतोल बारकाईने पाहणारा असेल तो फसत नाही. तसेच रिलेच्या पुढे, मोटारीकडे जाणारी तार तुटली तर दाब पाहणाऱ्या रिलेस ते कळत नाही. त्यासाठी प्रवाह मोजणारा रिले घ्यावा लागतो.

आमची चूक

आता मूळ गोष्टीकडे वळतो. सन २०१९ च्या चैत्रात मोटार प्रथम जळाली. वाइंडिंग करून आणल्यावर वायरमनने रक्षक रिले बसविला. तीन आठवडे सर्व सुरळीत चालले. मग एके दिवशी नवेच संकट उभे राहिले. दादांनी हिरवे बटन दाबावे, मोटार आठ-दहा सेकंद चालावी आणि 'टक्' आवाज होऊन थांबावी. दिवसातून दहा वेळा हाच प्रकार. नुकत्याच लावलेल्या पोफळीच्या रोपांची पाने पिवळी पडू लागली होती.

आम्ही मापक आणून दाब मोजला. तिन्ही जोड्यांत ४१०, ४०८ आणि ४११ व्होल्ट. वीज तर निर्दोष! दादा म्हणाले, "तू शिकलेला माणूस. तूच सांग, दोष विजेत की या डबीत?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "डबीत." रिलेच्या संपर्काची दोन टोके तारेच्या एका तुकड्याने जोडण्यात आली. मोटार अखंड चालू लागली, पाणी आले, आणि आमच्या विद्वत्तेचे घरात कौतुक झाले. आठव्या दिवशी मोटार पुन्हा जळाली.

वायरमन आला तेव्हा त्याने प्रथम एकच प्रश्न विचारला, "मास्तर, दाब मोजला तेव्हा मोटार चालू होती की बंद?" ती बंद होती. त्याने मुख्य स्विच उघडून दाखविला. पिवळ्या फेजचा सांधा सैल होऊन काळाठिक्कर पडला होता आणि शेवटी जळून सुटला होता. मोटार बंद असताना अशा सांध्यातूनही पूर्ण दाब दिसतो. प्रवाह वाहू लागला की मात्र दाब तेथेच खर्ची पडतो. रिले दहा सेकंदांनी मोटार थांबवीत होता, कारण दोष दिसण्यास मोटार चालावी लागत होती. तो खरे सांगत होता. आम्ही प्रश्नच चुकीच्या वेळी विचारला होता.

सांधा खिळखिळा असताना चालत्या मोटारीवर दाब किती असतील, याचे एक उदाहरण मांडून पाहू. समजा ३८२, ३८० आणि ४०८ व्होल्ट. सरासरी ३९०. सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १८. १८ ला ३९० ने भागून १०० ने गुणले म्हणजे असमतोल सुमारे ४.६ टक्के येतो. दिसावयास ही संख्या क्षुल्लक. परंतु तापमानाची वाढ असमतोलाच्या वर्गाच्या जवळजवळ दुप्पट टक्क्यांनी अधिक होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे येथे सुमारे ४२ टक्के अधिक. वेटोळ्यांवरील आवरणाचे आयुष्य तर दर १० अंशांच्या वाढीस निम्मे होते, असे मानतात.

सांधा बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ होता. त्याच्याऐवजी आम्ही दुसऱ्या वाइंडिंगचे पैसे मोजले, आणि पाण्यावाचून गेलेल्या अकरा दिवसांत दादांनी हाताने लावलेली चाळीस रोपे वाळली. दादा आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आमच्या पंपघरात खडूने एक नियम लिहिला आहे : रिलेने मोटार थांबविली तर प्रथम कारण शोधावे, रिलेस दोष शेवटी द्यावा. रिले कधी बिघडणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोटार चालू असतानाचे दाब, फ्यूज, सांधे आणि ओव्हरलोडचा काटा हे सर्व वायरमनकडून तपासून घेतल्यावाचून त्याला खोटा ठरविण्याचा अधिकार आपल्यास नाही. काम अडविणारा प्रत्येक जण आपला शत्रू नसतो, हे आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविले होते. ते आम्हांस समजले मात्र पंपघरात.

स्वाध्याय

१. एका मोटारीवर चालू असताना ४२०, ४०५ आणि ३९० व्होल्ट दाब आढळले. असमतोल किती टक्के?

२. दाब नेहमीच्या ९० टक्के झाला तर मोटारीची फिरविण्याची शक्ती किती टक्के उरेल?

३. रिलेच्या तारा फ्यूजच्या आधी जोडल्या तर कोणता दोष त्याला कळणार नाही?

४. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या पट्टीवरील अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर व फेरे हे आकडे वडीलधाऱ्यांच्या देखत, हात न लावता वाचून वहीत लिहा.